शेवटची तारीख आधी लिहा : वजनासाठी लिक्विड डाएट करावं का?

गेल्या कार्तिकात माझ्या धाकट्या जावेचा इचलकरंजीहून फोन आला. "ताई, दहा दिवस नुसते रस प्यायचेत. सकाळी दुधी, दुपारी गाजर-बीट, संध्याकाळी पालक-काकडी, रात्री नारळपाणी. पाच किलो जातात म्हणे. करू ना?" विचारत होती खरी, पण ज्यूसर घरात आलेला होता आणि भिशीतल्या दोघी तिच्याबरोबर सुरू करणार होत्या. वैशाखात लेकीचं लग्न होतं. तिची घाई मला कळत होती.

मी मिरजेत एका रुग्णालयात एकोणीस वर्षं आहारतज्ज्ञ आहे. पातळ आहार मी रोज लिहून देते. त्यामुळे 'लिक्विड डाएट वाईट' असं सरसकट मी म्हणत नाही. कुणी, किती दिवस, कशासाठी आणि काय प्यायचं, यावर सगळं अवलंबून आहे. जावेला फोनवर जे घाईत सांगितलं आणि नंतर तिच्या ओट्यापाशी उभं राहून जे करून दाखवलं, ते इथे सविस्तर लिहिते.

वॉर्डात पातळ आहार कसा चालतो

आमच्याकडे त्याच्या पायऱ्या असतात. पहिली 'क्लिअर लिक्विड' : पेल्याच्या आरपार दिसेल असं काहीही. नारळपाणी, गाळलेलं वरणाचं पाणी, दुधाशिवाय चहा, गाळलेला सफरचंदाचा रस. कोलोनोस्कोपीच्या (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने तपासणीच्या) आदल्या दिवशी किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर एखाद-दोन दिवस. यात जीव तगतो, पोषण होत नाही, म्हणून ते लांबवायचं नसतं. दुसरी 'फुल लिक्विड' : दूध, ताक, पेज, कस्टर्ड, घट्टसर सूप. मग मऊ भात, खिचडी, आणि मग साधं जेवण. केसपेपरवर 'लिक्विड' लिहिलं की पुढची पायरी कधी, हेही त्याच ओळीत लिहायचं, ही सवय मला माझ्या पहिल्या वरिष्ठ बाईंनी लावली. पातळ आहार हा एका काठावरून दुसऱ्या काठावर नेणारा साकव आहे. साकवावर कुणी घर बांधत नाही.

सगळ्यात जास्त दिवस पातळ आहारावर राहतात ते जबडा मोडलेले रुग्ण. बहुतेक मोटारसायकलवरून पडलेले, दात तारेने बांधलेले. चार ते सहा आठवडे सगळं पातळ. यातल्या एका तरुणाला मी दिवसाला दोन हजार कॅलरीज जातील अशी आखणी करून दिली होती : दुधात शेंगदाण्याचं कूट, पेजेत तूप, अंड्याचं कस्टर्ड. तरी सहा आठवड्यांत त्याचं वजन सहा किलोंनी उतरलं. दर दोन तासांनी प्यायचा आणि दर दोन तासांनी भूक लागायची. तारा काढल्या त्या दिवशी त्याने काय मागितलं असेल? भाकरी. कडक, शेकलेली. "मॅडम, चावायचंय," म्हणाला. हाताची पकड इतकी सैल झाली होती की पाण्याचा तांब्या दोन हातांनी उचलत होता. उतरलेल्या सहा किलोंत चरबी किती आणि दंडा-मांड्यांचं मांस किती, हे त्या तांब्याकडे बघून मला कळलं.

वजनाशी थेट नातं असलेला पातळ आहारही आम्ही देतो. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचं, भरपूर प्रथिनांचं पातळ खाणं असतं. अशा रुग्णांच्या यकृतात चरबी साठून ते फुगलेलं असतं आणि त्याचा डावा भाग जठरावर येतो. दोन आठवड्यांत ते आक्रसतं आणि सर्जनला काम करायला जागा मिळते. म्हणजे इथे पातळ आहाराला ठरलेलं काम आहे, ठरलेली तारीख आहे आणि रोज विचारपूस करणारं माणूस आहे.

काट्यावरचे पाच किलो कुठून जातात

जाऊ ऐकणार नाही हे दिसल्यावर मी तिला एवढंच म्हटलं, "कर, पण रोज सकाळी लघवीला जाऊन आलीस की वजन कर आणि वहीत लिही." पहिल्या दिवशी ७४ किलो. उंची १५६ सेंटिमीटर. अकराव्या दिवशी सकाळी ६९.९. चार किलो शंभर ग्रॅम कमी! तिचा आवाज फोनवर नाचत होता.

मग आम्ही दोघींनी हिशोब मांडला. तिला दिवसाला सुमारे सतराशे कॅलरीज लागतात. रसांतून सहाशे जात होत्या. रोजची तूट अकराशे, दहा दिवसांची अकरा हजार. एक किलो चरबी जळायला साधारण ७,७०० कॅलरीजची तूट लागते. म्हणजे चरबी फार तर दीड किलोच्या आत गेली. उरलेले अडीच-पावणेतीन किलो कसले?

बरेचसे पाण्याचे. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत थोडी साखर साठवून ठेवतं, तिला ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसात ती चारशे-पाचशे ग्रॅम असते आणि दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसते. खाणं तुटलं की आधी हा साठा रिकामा होतो आणि त्याचं पाणी लघवीवाटे निघून जातं. आतड्यात नेहमी असणारं अन्न आणि मळ नसतो, तेही वजन कमी दिसतं. थोडे स्नायूही झिजतात, कारण गाजराच्या रसात प्रथिनं जवळजवळ नसतात आणि शरीराला ती रोज कुठून तरी हवीच असतात.

अकराव्या दिवशी दुपारी तिने वरणभात खाल्ला. साठा परत भरायला लागला. बारा दिवसांनी काटा ७२.८ वर. ती रडवेली झाली, "ताई, मी काही वेडंवाकडं खाल्लं नाही." खरंच नव्हतं खाल्लं. पाणी आपल्या जागी परत आलं होतं, एवढंच. या टप्प्यावर अनेक बायका स्वतःला दोष देतात, चिडून दुसरं डाएट धरतात, मग तिसरं. तुमच्याही बाबतीत असं झालं असेल तर कृपा करून हा दोष स्वतःच्या माथी मारू नका.

रसाने पोट का भरत नाही

हे घरीच करून बघा. एक दिवस चार मोसंबी सोलून, फोडी करून खा. पंधरा मिनिटं जातात आणि चौथ्या मोसंबीला नको होतं. दुसऱ्या दिवशी त्याच चार मोसंबींचा रस गाळून प्या. मिनिटही लागत नाही. साखर तेवढीच पोटात गेली, चोथा कचऱ्यात गेला आणि तासाभरात पुन्हा स्वयंपाकघरात डबे उघडले जातात. चावणं, गिळणं, जठर ताणलं जाणं, अन्न सावकाश पुढे सरकणं, या सगळ्यांतून मेंदूला पोट भरल्याचा निरोप जातो. रसात ते टप्पेच गळतात. रसवंतीवरच्या उसाच्या रसाचं तर बोलायलाच नको. मोठ्या ग्लासात तीस ग्रॅमच्या पुढे साखर असते. उन्हात थकलेल्या माणसाने तो जरूर प्यावा, वजन उतरवायचं म्हणून पिऊ नये.

आणि दुधी. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे. दुधी, दोडका, काकडी या कुळात कुकुर्बिटॅसिन नावाची कडू द्रव्यं असतात. एरवी ती नगण्य असतात, पण एखाद्या फळात ती अचानक वाढतात आणि वरून बघून ओळखता येत नाहीत. त्यांवर उतारा नाही. २०१८ मध्ये पुण्यात एका बाईंचा दुधीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला होता. त्याआधीही देशात अशा घटना घडल्या होत्या आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने त्यांचा अभ्यास करून सूचना दिल्या होत्या. दुधीचा लहानसा तुकडा आधी चाखायचा. कडू लागला तर तो दुधी टाकून द्यायचा, रस काढायचा नाही. दुसऱ्या कुठल्या रसात मिसळायचा नाही, कारण मग कडूपणा कळत नाही. प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब, पोटात दुखणं, काहीही झालं तर लगेच रुग्णालय. 'कडू म्हणजे औषधी' हा समज इथे जिवावर बेततो. खरं सांगायचं तर वजनासाठी कच्च्या दुधीच्या रसाची गरजच नाही. दुधीची चणाडाळ घालून भाजी करा. भाजी कडू असेल तर पहिल्या घासाला आपण थांबतो, रस मात्र नाक दाबून घोटभर जास्तच पितो.

रोज पेलाभर पालकाच्या रसाचंही तसंच. पालकात ऑक्झलेट, म्हणजे मुतखडा बनवणारं द्रव्य, खूप असतं आणि रसाच्या रूपात दोन जुड्या एका बैठकीत पोटात जातात. पूर्वी मुतखडा झालेल्यांनी आणि मूत्रपिंड अधू असलेल्यांनी तो टाळाच. मूत्रपिंडाच्या रुग्णांना नारळपाणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

मग परदेशात शेक पिऊन मधुमेह जातो म्हणतात, ते?

ते खरं आहे आणि ते नीट समजून घ्यायला हवं. ब्रिटनमध्ये न्यूकासलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी 'डायरेक्ट' नावाची चाचणी केली. तिचे पहिल्या वर्षाचे निष्कर्ष डिसेंबर २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. गेल्या सहा वर्षांत टाइप-२ मधुमेह निघालेल्या, इन्शुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरीजचे शेक आणि सूप दिले. वर्षाअखेरीस त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होतं. मला हे वाचून मनापासून आनंद झाला होता.

पण त्या शेकमध्ये काय होतं? मोजून प्रथिनं, सगळी जीवनसत्त्वं, खनिजं. तो गाजर-बीटाचा रस नव्हता. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या होत्या. शेक संपले की दोन ते आठ आठवडे एकेक जेवण करत साधं अन्न परत आणलं होतं आणि त्यानंतरही नर्स किंवा आहारतज्ज्ञ महिन्या-महिन्याला भेटत होते. एवढं करूनही दुसऱ्या वर्षाअखेरीस ४६ चे ३६ टक्के झाले, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ज्यांचा पाठपुरावा आधारासह सुरू राहिला त्यांच्यात तर १३ टक्केच उरले. उतरवणं महिन्यांचं काम आहे, टिकवणं वर्षांचं.

उलट बाजूही याच इतिहासात आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत 'लिक्विड प्रोटीन' नावाच्या बाटल्या दुकानांत मोकळ्या विकल्या जात. जनावरांच्या कातडी-कूर्चांपासून काढलेलं निकृष्ट प्रथिन आणि दिवसाला जेमतेम तीनशे-चारशे कॅलरीज. काही महिने फक्त त्यावर राहिलेल्यांपैकी जवळजवळ साठ जणांचे मृत्यू नोंदले गेले. त्यांतले कित्येक हृदयाचे ठोके अचानक बिघडून. त्यानंतरच तिथे वेष्टनांवर इशारे आले. १९८८ मध्ये तिथल्या प्रसिद्ध टीव्ही सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्री यांनी चार महिने वैद्यकीय देखरेखीखाली पातळ आहार करून ६७ पौंड, म्हणजे तीस किलो उतरवले आणि तेवढी चरबी गाड्यावर ओढत टीव्हीवर आणली. पुढे वजन परत आलं, हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलंय. पैसा, डॉक्टर, स्वयंपाकी सगळं हाताशी असूनही.

कुणी या वाटेला जायचंच नाही

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अठराच्या आतली मुलं, पासष्टीच्या पुढची माणसं, मूत्रपिंड किंवा हृदय अधू असलेले, गाऊट (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजणं) किंवा पित्ताशयात खडे असलेले, आणि खाण्यावरून कधी उपाशी राहणं, कधी बकाबका खाऊन उलटी काढणं असा त्रास ज्यांना होऊन गेलाय ते. क्षयाची औषधं सुरू असतील तरीही नाही.

मधुमेहींसाठी वेगळं सांगते, कारण इथे गोंधळ होतो. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी सुरू ठेवून जेवण बंद केलं तर साखर एकदम खाली जाते : घाम, थरथर, बेशुद्धी. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर पिष्टमय अन्न फार तोडलं तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि त्या वेळी साखर फारशी वाढलेली नसते म्हणून ते पटकन लक्षातही येत नाही. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी असेल तर उठता-उठता चक्कर येते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे रस एकदम सुरू केले की औषधाचं प्रमाणच बिघडतं. गोळ्यांचा डबा डॉक्टरांपुढे ठेवा आणि मगच खाण्यात बदल करा.

कुणी पाकीट विकायला आलं तर

बहुतेक वेळा विकणारी ओळखीचीच असते, कुणाची तरी नणंद किंवा शेजारीण, आणि तिचा स्वतःचा विश्वास असतो. तिच्याशी भांडू नका. डबा हातात घ्या, मागची बारीक अक्षरं वाचा आणि दिवसभराचं मिळून गणित करा. कॅलरीज किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वजन उतरवण्याचा आहारही दिवसाला हजार कॅलरीजच्या खाली जाऊ नये आणि आठवड्याला अर्धा किलो उतरणं हा सुरक्षित वेग आहे. आठशेच्या खालचं काहीही डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करायचं नाही. प्रथिनं किती? आपल्याकडचा हिशोब दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅम. वजन उतरवताना स्नायू राखायचे तर माझ्या जावेसारखीला मी रोज साठ ग्रॅमच्या आसपास सांगते. डब्यातून वीस मिळत असतील तर तो डबा परत करा.

आणि तिला शेवटचा प्रश्न विचारा : "हे संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय खायचं?" उत्तर लगेच, वाटी-चमच्याच्या मापात आलं तर पुढे बोला. "मग तुम्ही नेहमीचं खा" असं आलं, किंवा "पुढचा डबा घ्या" असं आलं, तर तुमचे पैसे तुमच्याकडेच राहू द्या.

मी जावेला काय करायला लावलं

पौषात मी इचलकरंजीला दोन दिवस राहिले. तिचं खाणं पाहिलं. दुपारचं नीट होतं, पण रात्री साडेनऊला सगळे जमल्यावर तीन चपात्या, भाजी, वर आमटी-भात, आणि मग टीव्हीपुढे चिवडा. नुसतं रात्रीचं ताट साडेसहाशे कॅलरीजच्या घरात. म्हटलं, पातळाची तुला हौस आहे ना, मग ती रात्री भागवू. आठवड्यातल्या पाच रात्री, साडेसातला, मुगाचं कढण. दोन रात्री सगळ्यांबरोबर ताट. लग्नाच्या आठवड्यापर्यंत. तारीख आम्ही कॅलेंडरवर लाल पेनने लिहिली.

कढण असं. सालाची मूगडाळ ४० ग्रॅम, म्हणजे मोठे तीन सपाट चमचे, धुऊन कोरडी जरा भाजून घ्यायची. तीन वाट्या पाणी, हळद, आल्याचा तुकडा, बचकाभर लाल भोपळा किंवा शेवग्याचा पाला किंवा जे घरात असेल ते, कुकरला चार शिट्ट्या. रवीने घुसळायचं. गाळायचं नाही. पुन्हा लिहिते, गाळायचं नाही, कारण पोट भरण्याचं काम त्या चोथ्याकडे आहे. अर्धा चमचा तुपात जिरं-हिंगाची फोडणी, मीठ, मिरपूड, वरून लिंबू. मोठा वाडगाभर होतं. सोबत वाटीभर दही आणि एक अख्खी काकडी किंवा गाजर, चावायला. सगळं मिळून तीनशेच्या आत कॅलरीज आणि पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. गरम असावं आणि चमच्याने खावं, पेल्याने पिऊ नये. पंधरा-वीस मिनिटं आपोआप लागतात.

एकच एक खाऊन ती कंटाळणार हे दिसत होतं, म्हणून एका रात्री कुळीथ. रात्रभर भिजवून, शिजवून, निम्मे दाणे वाटून त्याच पाण्यात परत घालायचे आणि लसूण-कोकम. एका रात्री नाचणीची आंबील : तीन चमचे पीठ रात्रभर ताकात आंबवायचं, दुसऱ्या दिवशी पाण्यात शिजवून निवल्यावर पुन्हा ताक आणि ठेचलेला लसूण. आंबिलीत प्रथिनं कमी पडतात, म्हणून त्या रात्री एक उकडलेलं अंडं. अंडं न खाणाऱ्यांनी मूठभर भाजलेले चणे. सामिष घरात चिकनचं सूप उत्तम, पण तुकड्यांसकट. नुसत्या आळणी पाण्याला माझ्या हिशोबात जेवण म्हणत नाहीत.

तांदळाची पेज मात्र मी तिला दिली नाही. कोकणात आणि गोव्यात शेतावर राबून आल्यावर अकराच्या सुमाराला पेज पितात आणि त्या वेळी ती अमृत असते. घाम गाळलेल्या माणसाला पाणी, मीठ आणि पिष्ट तिघंही हवे असतात. रात्री बसल्याजागी वजन उतरवायला तिचा उपयोग नाही.

दुपारचं जेवण कमी करायचं नाही, ही अट. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, पालेभाजी, वाटीभर उसळ, कोशिंबीर, ताक. दुपारी हात आखडला की रात्री कढण पुरत नाही आणि दहा वाजता चिवड्याचा डबा उघडतोच. सकाळी पोहे-उपीट, त्यात शेंगदाणे किंवा मटार. चहातली साखर दोन चमच्यांची अर्ध्यावर. रात्री कढणानंतर ती आणि तिची लेक गच्चीवर अर्धा तास चालायच्या. लग्नाच्या याद्या तिथेच झाल्या.

वजन फक्त रविवारी सकाळी करायचं, आणि महिन्यातून एकदा बेंबीपाशी टेप लावायची. आपल्याकडच्या बायकांसाठी कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे आणि पुरुषांसाठी ९० च्या पुढे गेला की मधुमेह-रक्तदाबाचा धोका वाढतो, म्हणून मला काट्यापेक्षा टेप जास्त महत्त्वाची वाटते. तिला वेग सांगून ठेवला होता : आठवड्याला पाव किलो. "एवढंच?" म्हणाली होती. पाच रात्रींची तूट साधारण अठराशे कॅलरीज, त्यातून एवढंच निघतं. मी जास्त कबूल केलं असतं तर ते खोटं झालं असतं.

आधीच आठवडा-दोन आठवडे नुसत्या रसांवर असाल तर

आज रात्री लग्नाच्या पंगतीला बसू नका. एक-दोन दिवसांचंच असेल, एकादशीसारखं, तर काही विशेष करावं लागत नाही. आठवड्याच्या पुढे गेलं असेल तर पहिले दोन दिवस वाटी-वाटीने, दर तीन तासांनी : मुगाची मऊ खिचडी, ताक, शिजवलेली भाजी. गोड आणि साखरेचे रस तेव्हा मुळीच नकोत. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात साखर एकदम गेली की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झरझर पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भाकरी आणि उसळ, आठवड्याअखेर साधं ताट. दोन आठवड्यांच्या वर असाल किंवा खूप अशक्तपणा असेल, तर खायला सुरुवात करण्याआधीच डॉक्टरांना भेटून रक्तातली ही तिन्ही खनिजं तपासून घ्या.

छातीत धडधड, घेरी, पायात जोराचे गोळे, गोंधळल्यासारखं होणं, लघवी फार कमी होणं, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. उजव्या बरगडीखाली दुखून कळ पाठीकडे किंवा खांद्याकडे जात असेल तर पित्ताशयाची सोनोग्राफी करा. आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगाने वजन उतरलं की पित्ताचे खडे होण्याचा धोका वाढतो. आहारात तूप-तेलाचा थेंब नसेल तर पित्ताशय आकुंचनच पावत नाही आणि पित्त आत साचून राहतं. म्हणून कढणातलं ते अर्धा चमचा तूप मी कुणाला वगळू देत नाही.

लग्नाच्या रविवारी जावेचं वजन ६८.५ होतं आणि टेप सहा सेंटिमीटरने आत आली होती. मांडव उतरला, पाहुणे गेले, तेव्हा तिने विचारलं, "ताई, लाल तारीख झाली. आता थांबवू?" आम्ही दुसरी तारीख लिहिली. दिवाळीपर्यंत आठवड्यातून तीन रात्री कढण, चार रात्री ताट, रविवारचा काटा तसाच. सत्तरच्या वर दोन रविवार सलग दिसले तर पुन्हा पाच रात्री.